पुडी, पिशवी आणि विचारायचे प्रश्न

पत्र :

मी ४२ वर्षांची, कराडजवळच्या एका गावात राहते. घरात सासरे, नवरा आणि दोन मुलं. सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. ते ६८ वर्षांचे आहेत, शुगर आणि बीपी दोन्ही जुनं आहे. मध्यंतरी त्यांच्या मित्राने त्यांना एका वैद्यांकडे नेलं. त्यांनी सगळ्या गोळ्या बंद करायला लावून चूर्णाच्या पुड्या सुरू केल्या. आठवड्याभरात गुडघे दुखायचे थांबले, त्यामुळे आबांचा त्यांच्यावर फार विश्वास बसलाय. पण आता त्यांचा चेहरा गोल, सुजल्यासारखा दिसतो. परवा शुगर ३१० आली आणि किडनीचं क्रिएटिनिन १.९. आबा म्हणतात, शरीरातलं विष बाहेर पडतंय, थोडे दिवस असं होणारच.

दुसरं माझं स्वतःचं. पाळीत खूप अंगावरून जातं. हिमोग्लोबिन ८.४ आहे. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या पिशवीत ४ सेंटिमीटरची गाठ दिसली. डॉक्टर म्हणाले, “काढून टाका. मुलं झालीत, आता ठेवून काय करायचं? पुढे कॅन्सर झाला तर?” गुरुवारची तारीखही दिली. नवरा म्हणतो, डॉक्टरांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. नणंद म्हणते, इंग्रजी औषधं घरातून हद्दपार कर, आणि रोज व्हिडिओ पाठवते. घरच्यांच्या तब्येतीची सूत्रं आता मीच हातात घ्यायची ठरवलीत. मग पर्यायी उपचारांकडे वळू का? आणि डॉक्टरांना उलट प्रश्न विचारले तर ते चिडतील का?

— एक वाचक


प्रिय ताई,

तुमच्या पत्रातलं एक काम थांबवता येण्यासारखं नाही, ते आधी सांगते. आबांना उद्याच फिजिशियनकडे न्या. सोबत उरलेल्या पुड्या, आधीच्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि सगळे रिपोर्ट घ्या.

गुडघेदुखी आठवड्यात थांबणं, चेहरा गोल होणं आणि शुगर चढणं, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की माझ्यासारख्या डॉक्टरच्या मनात पहिली शंका येते ती स्टेरॉइडची. काही लोक चूर्णात स्टेरॉइडच्या आणि वेदनाशामक गोळ्या कुटून मिसळतात. त्यामुळे दुखणं झटक्यात जातं आणि औषधाचं नाव होतं. पण स्टेरॉइडने शुगर आणि बीपी दोन्ही वाढतात, आणि वेदनाशामकांनी किडनीवर ताण येतो. तुमच्या आबांच्या पुडीत नेमकं काय आहे हे ती तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. पण शंका घ्यायला जागा भरपूर आहे, आणि गोळ्या बंद असल्याने शुगर तर तशीही वाढणारच होती.

इथे दोन गोष्टी जपा. उद्या डॉक्टरांनी पाहीपर्यंत पुडी तुमच्या मनाने एकदम बंद करू नका. बरेच दिवस स्टेरॉइड पोटात गेलं असेल तर शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं. अशा वेळी बाहेरून येणारं अचानक थांबलं की गळून जाणं, उलट्या, बीपी एकदम खाली येणं असे प्रकार होतात. त्यामुळे ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावं लागतं. आणि जुन्या गोळ्याही घरच्या घरी पुन्हा सुरू करू नका. क्रिएटिनिन १.९ असताना मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीचा डोस बदलावा लागतो, बीपीच्या काही गोळ्यांचाही विचार नव्याने करावा लागतो. उद्या उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी), क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि लघवीतलं अल्ब्युमिन या तपासण्या करायला सांगतील. नाही सांगितल्या तर तुम्ही विचारा. त्याआधीच आबांना उलट्या सुरू झाल्या, ग्लानी आली, श्वास जोरात चालू लागला, लघवी कमी झाली किंवा शुगर ४०० च्या पुढे गेली तर उद्याची वाट न पाहता मोठ्या दवाखान्यात न्या.

आता आबांशी कसं बोलायचं ते. ‘तुम्हाला फसवलंय’ असं म्हणालात की ते पुड्या लपवून खायला लागतील. हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय. त्यांचे गुडघे खरोखरच दुखायचे थांबले होते. कितीतरी दिवसांनी माणूस न कण्हता उठला-बसला असेल, तर तो त्या पुडीला देव मानणारच. त्यांना म्हणा, “आबा, गुडघ्यांना आराम पडला हे खरंय. पण किडनीचा आकडा वाढलाय, तो तेवढा दाखवून येऊ. पुडीबद्दल डॉक्टर काय म्हणतात ते तुम्हीच ऐका.” निर्णय त्यांचा आहे, पण आकडे त्यांच्यासमोर ठेवणं तुमच्या हातात आहे. विष बाहेर पडत असताना क्रिएटिनिन चढत नाही. शरीरातली घाण बाहेर टाकायचं काम किडनीचंच आहे, आणि ती मागे पडू लागली की हा आकडा वाढतो. एवढं त्यांना शांतपणे सांगितलं तर त्यांना पटेल असं मला वाटतं.

गुडघ्यांचं दुखणं मात्र तसंच सोडू नका, नाहीतर ते पुन्हा पुडीकडे जातील. मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, मोजत धरून ठेवायचा आणि सोडायचा, इतका साधा तो व्यायाम आहे. पण रोज केला तर गुडघ्याच्या झिजेत त्याचा चांगला फायदा होतो. खाली मांडी घालून बसणं बंद, कमोडची किंवा कमोड-खुर्चीची सोय, हातात काठी, थोडं वजन कमी. तेल लावून शेक घ्यायलाही माझी काही हरकत नाही, आराम वाटतो. फक्त मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, तेव्हा शेकाची पिशवी आधी तुमच्या हाताला लावून पाहा. दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून देऊ नका. आणि शक्ती यावी म्हणून नारळपाणी, गव्हांकुरांचा रस, फळांचे रस सुरू करू नका. किडनी कमजोर असताना त्यातलं पोटॅशियम अंगात साठू शकतं.

इथे तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. पर्यायी उपचारांकडे वळू का, असं तुम्ही विचारलंय. वनस्पतींत औषध आहे यात मला शंका नाही. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या वनस्पतीच्या मुळाचा उपयोग उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर करून पाहिला आणि ती निरीक्षणं १९४९ साली ब्रिटनच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात छापली. आपल्याकडे शतकानुशतकं वापरात असलेलं ते मूळ त्यानंतर जगभरच्या डॉक्टरांच्या हाती आलं. पुढे त्यातलं रेसरपिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं, काही रुग्णांना त्याने नैराश्य येतं हेही दिसलं, आणि त्याहून चांगली औषधं आल्यावर त्याचा वापर कमी झाला. मेटफॉर्मिनची गोळीसुद्धा युरोपातल्या एका वनस्पतीत सापडलेल्या द्रव्याच्या कुळातली आहे. त्यामुळे ‘झाडपाला की इंग्रजी’ हे भांडण मला महत्त्वाचं वाटत नाही. डॉ. वकील यांनी रुग्णांचं बीपी मोजलं, फरक लिहून ठेवला, तो छापला आणि इतरांना तपासू दिला. हे ज्या औषधाबाबत झालंय त्याला मी औषध म्हणते, मग ते कुठूनही आलेलं असो.

म्हणून वैद्यांकडे जायचं असेल तर जा, पण डॉक्टरांना विचारायचे तेच प्रश्न त्यांनाही विचारा. यात काय काय आहे? किती दिवस घ्यायचं? फरक पडला हे कशावरून ओळखायचं? किडनीला चालेल का? चालू गोळ्यांबरोबर घेता येईल का? चांगला वैद्य या प्रश्नांनी दुखावत नाही. तो नाडीही पाहतो आणि रिपोर्टही वाचतो. औषधाचं नाव चिठ्ठीवर लिहून देतो, मधुमेहाच्या गोळ्या एका झटक्यात बंद करायला लावत नाही, आणि गरज पडली तर स्वतःच फिजिशियनकडे पाठवतो. असे वैद्य आहेत, माझे काही रुग्ण त्यांच्याकडे जातात आणि आम्ही एकमेकांच्या चिठ्ठ्या वाचतो. आपल्या राज्यात आयुर्वेदाची प्रॅक्टिस करणाऱ्यांची नोंदणी महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषदेकडे असते. तो नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच कसला? औषधाच्या डबीवर घटक, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख हवी. कागदात बांधलेल्या बिननावाच्या पुडीवर यातलं काहीच नसतं. तशी नवी पुडी कुणीही देवो, सुरू करू नका; आबांची चालू पुडी मात्र वर सांगितल्याप्रमाणे डॉक्टरांना विचारूनच थांबवायची. अशी पुडी जपून ठेवून अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करता येते.

नैसर्गिक आहे म्हणजे अपाय नाही, असं नणंद म्हणत असतील. इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. त्यांतल्या साधारण पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा अर्सेनिक सापडलं. त्यात अमेरिकेत बनलेली उत्पादनंही होती आणि भारतात बनलेलीही. कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला, तेव्हा मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी काही रुग्णांच्या यकृताला झालेली इजा त्याच्याशी जोडली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. त्या वादात पडायची तुम्हाला गरज नाही. काढा सुरू केला असेल तर तो डॉक्टरांना सांगा, इतकंच मला म्हणायचंय. मेथी, कारलं हेसुद्धा सांगायचं, कारण रोज भरपूर घेतलं तर गोळ्यांसोबत शुगर जास्त उतरू शकते. आणि ‘मधुमेह मुळासकट बरा’ अशी पाटी त्या वैद्यांच्या दारावर असेल, तर १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्यानुसार अशी जाहिरात करणं हाच गुन्हा आहे. त्या कायद्याच्या यादीत मधुमेह आहे, रक्तदाब आहे, पाळीच्या आणि गर्भाशयाच्या तक्रारीही आहेत. नणंदेच्या पुढच्या व्हिडिओत यांपैकी काही बरं करून देण्याचा दावा दिसला तर हे त्यांना जरूर सांगा.

आता तुमचं. गुरुवारची तारीख पुढे ढकला.

४ सेंटिमीटरची फायब्रॉइडची, म्हणजे पिशवीच्या स्नायूत वाढणारी साधी गाठ आणि जास्त जाणारं रक्त ही फार बायकांची तक्रार आहे. तिच्यावर पिशवी काढणं हा एक इलाज आहे, पण तो सहसा शेवटचा. अशा गाठीचा कॅन्सर होणं फार क्वचित घडतं, त्या भीतीपोटी पिशवी काढायची नसते. मात्र चाळिशीनंतर पाळीत जास्त जात असेल तर पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवणं आणि पॅप स्मिअर (पिशवीच्या तोंडाची तपासणी) करून घेणं याचा विचार आधी व्हायला हवा. कॅन्सरची भीती घालण्याआधी हे झालंय का, हा तुमचा पहिला प्रश्न. थायरॉइड तपासलाय का, हा दुसरा.

पिशवी न काढता करता येण्यासारखं बरंच आहे. पाळीच्या दिवसांत रक्त कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या असतात. पायात किंवा फुप्फुसात पूर्वी कधी रक्ताची गुठळी झाली असेल तर त्या चालत नाहीत, म्हणून डॉक्टरांना विचारूनच घ्यायच्या. हार्मोनच्या गोळ्या असतात. पिशवीत बसवायची हार्मोनची तांबी असते, आपल्या नेहमीच्या तांबीने रक्त वाढतं आणि हिने उलट कमी होतं. गाठ आतल्या पोकळीत डोकावत असेल तर तांबी कदाचित टिकणार नाही, म्हणून गाठ नेमकी कुठे आहे हे सोनोग्राफीच्या रिपोर्टवर पाहा. फक्त गाठ काढून पिशवी ठेवण्याचं ऑपरेशन असतं. गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याची पद्धतही आहे, ती मोठ्या शहरांत मिळते. आणि तुम्ही ४२ च्या आहात. पाळी गेली की अशा गाठी बहुधा आक्रसतात, तेव्हा मधली वर्षं औषधांवर निभावून नेणं हाही रीतसर उपचार आहे. या सगळ्याने भागलं नाही आणि शेवटी पिशवी काढावी लागली, तर त्यात कमीपणा काही नाही. कित्येक बायकांना त्याने खरा सुटकेचा श्वास मिळतो. तेव्हा एवढंच ठामपणे विचारा : अंडाशय ठेवणार ना? पाळी जाण्याआधी विनाकारण दोन्ही अंडाशय काढले तर हाडं लवकर ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो.

दरम्यान ८.४ हिमोग्लोबिनकडे दुर्लक्ष करू नका. बीट, खजूर, हळीव जरूर खा, पण रक्त जात राहिलं तर नुसत्या खाण्याने ते भरून येत नाही. लोहाच्या गोळ्या लागतील, त्या चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. सोसल्या नाहीत तर शिरेतून लोह देता येतं. ऑपरेशन ठरलं तरी आधी हिमोग्लोबिन वाढवून घेणं तुमच्याच फायद्याचं.

‘मुलं झालीत, ठेवून काय करायचं’ या वाक्याचा मला राग येतो, कारण त्याची फळं आपण पाहिलीत. तुमच्या भागातल्या कारखान्यांवर बीडहून बायका ऊसतोडीला येतात. त्यांच्यातल्या पिशवी काढण्याच्या ऑपरेशनांची चौकशी २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने केली. पाहणीतल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी आधीच्या दहा वर्षांत काढलेली होती. त्यात तिशीतल्या बायकाही होत्या. त्यांनाही कॅन्सरची भीती घातली गेली होती, आणि पाळीमुळे मजुरीचा खाडा परवडत नव्हता. पुढे गरज नसताना होणारी ही ऑपरेशनं रोखण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना त्या लागू करायला सांगितल्या. म्हणजे ‘दुसरा उपाय करून पाहिला का’ हे विचारून तुम्ही आगाऊपणा करत नाही आहात.

संमतीबद्दलही स्पष्ट सांगते. समीरा कोहली खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला. त्या बाई दुर्बिणीच्या तपासणीसाठी भूल घेऊन टेबलावर होत्या, आणि डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची परवानगी घेऊन त्यांचं गर्भाशय काढलं. न्यायालयाने ती संमती ग्राह्य धरली नाही. सज्ञान, शुद्धीवर असलेल्या बाईच्या शरीराबद्दल संमती तिचीच. त्यामुळे संमतिपत्रावर नवऱ्याची सही आहे म्हणून तुमचा होकार झाला असं होत नाही. तो कागद मराठीत मागा, घरी आणून वाचा. त्यात कोणकोणते अवयव काढणार हे लिहिलेलं असायला हवं, आणि कोऱ्या जागा ठेवून सही करू नका.

डॉक्टर चिडतील का? काही चिडतात. मीही ओपीडीत बसते, बाहेर रांग लागलेली असताना लांबलचक शंका ऐकताना धीर सुटतो हे मला माहीत आहे. म्हणून प्रश्न चार-पाचच, कागदावर लिहून न्या आणि बसल्या बसल्या सांगा, “डॉक्टर, मला नाही म्हणायचं नाही, समजून घ्यायचंय. तीन महिने औषधं घेऊन पाहिलं तर काय धोका आहे? माझ्या बाबतीत औषधं चालणार नाहीत असं काही आहे का? मी आणखी एका डॉक्टरांचं मत घेतलं तर चालेल ना?” सेकंड ओपिनियन हा रुग्णाचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत तो आहे. २०२१ पासून महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं आहे. दाखल झालेल्या रुग्णाने केसपेपर मागितले तर ७२ तासांत द्यावे लागतात. दुसरं मत घ्यायला सातारच्या सिव्हिलमध्ये किंवा जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या स्त्रीरोग विभागात जा. तिथे वेळ लागतो, पण ऑपरेशन केल्याने वा न केल्याने तिथल्या डॉक्टरांच्या कमाईत सहसा मोठा फरक पडत नाही. आधीच्या डॉक्टरांनी काय सांगितलं हे त्यांना लगेच सांगू नका. रिपोर्ट दाखवा आणि त्यांचं मत आधी ऐका.

यजमानांनाही त्या भेटीला घेऊन जा. डॉक्टरांना जास्त कळतं हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. पण दिवसाला किती पॅड लागतात, रात्री किती वेळा उठावं लागतं, गुठळ्या पडतात का, हे डॉक्टरांना तुमच्याकडूनच कळणार आहे. दोन पाळ्या वहीत लिहून काढा. त्याच वहीचं एक पान आबांचं ठेवा : कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, कधीपासून, कुणी दिली, कुणी बंद केली, आणि खाली शुगर, बीपी, क्रिएटिनिन तारखेसह. काढे, चूर्णं, तेलं हीसुद्धा त्याच पानावर. रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फायलीत, मोबाइलमध्ये त्यांचे फोटो. घरच्यांच्या तब्येतीची सूत्रं हातात घ्यायची म्हणालात ना, त्याची सुरुवात मी या वहीपासून करेन. ती पाहिल्यावर डॉक्टर असो की वैद्य, तुमच्याशी वेगळ्या तऱ्हेने बोलतो. आणि दोन्हीकडे तीच वही न्या, म्हणजे एकाचं औषध दुसऱ्यापासून लपून राहणार नाही.

गुरुवारच्या दवाखान्यात उद्याच फोन करून सांगा की तपासण्या आणि दुसरं मत झाल्यावर तुम्ही कळवाल. कारणं देत बसू नका. फक्त एक ध्यानात ठेवा. दोन तास लागोपाठ दर तासाला पॅड भिजायला लागलं, उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा छातीत धडधड थांबेना, तर हे सगळं बाजूला ठेवा आणि जो दवाखाना जवळ असेल तो त्याच वेळी गाठा, मग तो गुरुवारवाला असला तरी.